सूर्य बुडाल्यावर टाकायची दवा

बादली वर आली तेव्हा पाणी जांभळं होतं. वांग्याच्या सालीसारखं. मी ती परत विहिरीत सोडली, पाच-सहा वेळा वर-खाली हलवली आणि पुन्हा ओढली. आता जरा गुलाबी. सकाळचे सात वाजले होते. नऊला डेप्युटी कमिशनर साहेब येणार होते आणि त्यांच्यासोबत आमचे डॉक्टर निंबेकर, मेंबर ऑफ कौन्सिल.

विहिरीच्या काठाशी माळीपुऱ्यातल्या आठ-दहा बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. सगळ्यांच्या पुढे अंजनाबाई. माळीपुऱ्यात तिचा शब्द चाले.

"काहून वो नर्सबाई, आज सकाळीच? पानी असं रंगीत काहून?"

"आज साहेब लोक येणार आहेत."

"साहेब लोक आमच्या हिरीचं पानी पेनार हायेत का?"

"नाही."

"मंग?"

मी दोर गुंडाळला आणि म्हटलं, "भरा आता. पाणी चांगलं आहे."

अंजनाबाईनं घागरीत डोकावून पाहिलं. "चांगलं हाये म्हनता? दिसून तं नाई राहिलं," ती म्हणाली आणि घागर डोक्यावर चढवून निघून गेली.

ही गोष्ट वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची. कौन्सिल नागपूरला भरे आणि अकोल्याचे मेंबर रेल्वेनं तिकडे जात. मी जिल्हा बोर्डाची नर्स होते, पाच गावांची. गावाचं नाव आसरखेड समजा. अकोल्यापासून तीन कोस. मी मूळची हिवरखेडची, शेतकऱ्याच्या घरातली. अमरावतीला सुइणीचा कोर्स केला तेव्हा आमच्याकडे म्हणत, लोकाइच्या घरची बाळंतपणं करायले शिक्षण काहून लागते? लागतं, हे पुढे त्यांनाही कळलं.

कोर्स झाल्यावर पहिली चार वर्षं मी डॉक्टर निंबेकरांच्या जठारपेठेतल्या दवाखान्यात काढली. त्या दवाखान्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. कार्बोलिक, खळ आणि बाहेरच्या कडुलिंबाचा मोहर. मिक्श्चरच्या बाटलीवर कागदाची एक उभी पट्टी चिकटवलेली असे, तिला दोन्ही बाजूंनी खाचा कापलेल्या. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. न वाचता येणाऱ्या माणसालाही समजे. डॉक्टर त्या पट्ट्या स्वतः कापत. पेशंट तक्रार सांगत असे, डॉक्टर कात्री चालवत असत आणि सगळं ऐकत असत. मान वर न करता विचारत, "ताप आधी आला की उलटी आधी झाली?" पेशंट गडबडे. मग खरं काय ते बाहेर येई.

कॉलऱ्याची, गावच्या भाषेत हैज्याची, साथ आली की ते दवाखाना बंद करून गावोगाव फिरत आणि मला सोबत नेत. विहिरीत दवा कशी टाकायची ते मी त्यांच्याकडूनच शिकले. लाल दवा म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. बाटलीत ती बारीक काळ्या खड्यांसारखी दिसते. पाण्यात पडली की जांभळा रंग सुटतो. ती तोलून घ्यायची, बादलीत विरघळवायची, मग बादली विहिरीत सोडून पाणी ढवळायचं. सगळं पाणी फिकट गुलाबी झालं की थांबायचं. आणि हे काम सूर्य बुडाल्यावर करायचं. गावातली शेवटची घागर भरून गेली की. सकाळपर्यंत दवा आपलं काम उरकते, रंग उडतो आणि बायका नेहमीसारख्या पाण्याला येतात.

"पब्लिकचं काम असंच करावं, यमुनाबाई," डॉक्टर म्हणत. "सकाळी उठल्यावर लोकांना पाणी दिसलं पाहिजे. आपण नाही."

हे ते व्याख्यान दिल्यासारखं सांगत नसत. हात पुसता पुसता बोलत आणि टांग्यात चढत. मला ते पटलं होतं, कारण असं काम करताना मी त्यांना पाहिलं होतं.

मग ते कौन्सिलला उभे राहिले. मी कारण विचारलं. म्हणाले, "एक बाटली एका माणसाला पुरते. एक ठराव जिल्ह्याला पुरतो."

"ठराव पाजता येत नाही, डॉक्टर."

"म्हणून तर तुम्हाला बोर्डात लावतो आहे," ते म्हणाले. अशी मला ही नोकरी लागली.

आता त्या सकाळच्या आदल्या दिवसाबद्दल. औषधाची पेटी भरून आणायला मी आठवड्यातून एकदा अकोल्याला जाई. त्या दिवशी डॉक्टर टेबलाशी बसून टूर प्रोग्राम लिहीत होते. आसपासच्या बारा गावांसाठी एक सरकारी दवाखाना हवा, अशी त्यांची कौन्सिलमध्ये मागणी होती. सोमवारी त्यावर बोलायचं होतं. त्याआधी साहेबाला एखादं गाव दाखवायचं, साहेबाचा अनुकूल रिपोर्ट घ्यायचा आणि तो घेऊन नागपूर गाठायचं, असा बेत होता.

"उद्या आसरखेडच्या विहिरीत दवा सकाळी टाका," ते म्हणाले.

मला वाटलं त्यांच्या तोंडून चुकून गेलं. "संध्याकाळी ना?"

"सकाळी. रात्रभरात रंग उडाला तर ती चार विहिरींसारखी एक विहीर. साहेबाला दाखवू काय? तुमचं रजिस्टर?"

"रजिस्टर नीट ठेवलंय मी."

"नीटच असेल. पण रजिस्टर कोणी वाचत नाही, बाई. रंग दिसला पाहिजे."

"नाल्याच्या वरच्या गावात हैजा आहे, डॉक्टर. या आठवड्यात बायकांनी विहीर सोडता कामा नये. दिवसा रंगीत पाणी बघून त्या बिचकल्या तर? तुम्हीच शिकवलंत मला."

"तेव्हा मी नुसता डॉक्टर होतो." ते हसले, पण मान खालीच होती. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे. आणि थोडी जास्त टाका. उन्हात रंग फिका दिसतो."

मी दीडपट टाकली. हुकूम त्यांचा, हात माझा.

नऊला येणारे साहेब दहाला आले. गावानं नाल्याच्या पुलापासून चावडीपर्यंत पताका लावल्या होत्या. हार माळीपुऱ्याचे. चैत्र होता, मोगरा भरात होता. अंजनाबाईची सून गिरजा आठव्या महिन्यात होती. खाली वाकून वेचणी जमत नव्हती म्हणून ती ओसरीत बसून सकाळपासून हार ओवत होती. हार झाले की त्यांच्यावर ताजं पाणी शिंपडायचं आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे, ही माळ्यांची नेहमीची रीत. तिनं तेच केलं. पाणी अर्थात सासूनं त्याच घागरीतून आणलेलं.

चावडीपुढे हार घातले गेले. साहेबाच्या गळ्यात, डॉक्टरांच्या गळ्यात, अजून दोघांच्या. भाषणं सुरू झाली. मी बाजूला उभी होते म्हणून मला आधी दिसलं. पाकळ्यांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या होत्या. डॉक्टर बोलायला उठले तोवर निम्मा हार गंजल्यासारखा झाला होता आणि साहेबाच्या पांढऱ्या कॉलरवर चहाच्या रंगाचे डाग उतरले होते. लोकांत कुजबुज सुरू झाली. साहेबानं हार उचलून पाहिला.

डॉक्टर हजरजबाबी. म्हणाले, "साहेब, ही विहिरीतल्या दवेची करामत. फुलाला सोडत नाही, तर कॉलऱ्याच्या जंतूला काय सोडेल?"

साहेब मोठ्यानं हसला. "स्ट्राँग मेडिसिन, डॉक्टर!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग विहीर दाखवली. बादलीभर गुलाबी पाणी काढून दाखवलं. साहेबानं डायरीत काहीतरी लिहिलं. डॉक्टर टांग्यात चढताना माझ्याकडे बघून हसले, म्हणजे काम झालं.

टाळ्या वाजत होत्या तेव्हा अंजनाबाई खांबाशी उभी होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. तिला मी पाहिलं, पण त्याचा विचार केला नाही.

त्याच दुपारी शेजारच्या गावातून बोलावणं आलं. पहिलटकरीण, मूल आडवं. मी दोन दिवस तिकडेच अडकले. जाण्याआधी विहिरीवर एक चक्कर मारायला हवी होती. मारली नाही. ही चूक मात्र पूर्ण माझी.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले ती सरळ विहिरीवर गेले. दिवेलागणीला विहिरीचा काठ चिखल होईल इतका ओला असतो. दोर ठिबकतात, घागरी हिंदकळतात. त्या दिवशी काठ कोरडा होता. दगडावर धूळ बसली होती. मी बादली सोडून पाणी काढलं. काचेसारखं स्वच्छ. रंग उडाला होता, आणि बायकाही.

मी माळीपुऱ्यात गेले. अंजनाबाई चुलीपुढे बसली होती. गिरजा भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. कोपऱ्यातली घागर भरलेली.

"हे पाणी कुठलं, अंजनाबाई?"

"झिऱ्याचं."

झिरा म्हणजे नाल्याच्या वाळूत उकरलेला खड्डा. वाळूतून पाणी झिरपून त्यात साचतं. थंड, गोड, आणि डोळ्यांना अगदी निर्मळ. हाच नाला वरच्या गावाजवळून येत होता. त्या गावात हैजा होता आणि तिथे आजाऱ्यांचे कपडे त्याच नाल्याच्या डबक्यात धूत होते.

"विहीर का सोडली?"

अंजनाबाई उठली. शिंक्यातून एक भाकर काढून तिनं माझ्यापुढे टाकली. भाकर ज्वारीची, पण रंग मातीचा. "हे पाहा. तुमच्या पान्यात मळली. बकरीनं तोंड नाई लावलं. दुसऱ्या दिवशी गजरे अकोल्याले नेले, दोन टोपल्या जशाच्या तशा वापस आल्या. बाजारात बाया म्हने, माय, हे फुलं कुठून मसनातून आनले का?"

"दवा चांगली आहे, अंजनाबाई. त्या दिवशी जरा जास्त पडली. भाकरीचा रंग गेला तरी तिनं माणसाला काही होत नाही."

"चांगली असंल. पन माह्या सुनेनं गजऱ्यावर शिंपडली तं गजरा मेला. पोटातलं लेकरू काय फुलापरीस घट्ट असते का?"

मी सुईण. कोर्सात पहिली आलेली. या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात होतं, पण मी खाली वाकून ती भाकर उचलली.

"आणि एक सांगू का?" अंजनाबाईचा आवाज खाली आला. "तुमी दिवस बुडल्यावर दवा टाकता, थे आमाले मालूम नसन असं वाटते का तुमाले? हिरीच्या काठावर लाल ठिपके पडून राह्यतात. सारा माळीपुरा जानते. सकाळी पानी साफ राहे, आमी पेत होतो. कवा काई म्हनलं? मंग त्या दिवशीच सोंग काहून केलं?"

डॉक्टरांना आणि मला वाटत होतं, लोकांना काही कळत नाही. त्यांना सगळं कळत होतं. कळूनही ते पाणी पीत होते, कारण आम्ही त्यांना त्रास देत नव्हतो.

मी झिऱ्याचं पाणी ओतून द्यायला लावलं. विहिरीचं पाणी स्वतः भरून आणलं, त्यांच्यासमोर उकळलं. अंजनाबाई बघत राहिली. पण दोन दिवस झिऱ्याचं पाणी पोटात गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंजनाबाईच्या म्हाताऱ्या सासऱ्याला उलट्या-जुलाब सुरू झाले. मी पोहोचले तेव्हा हातापायांत गोळे आले होते. दुपारच्या आत म्हातारा गेला. त्याच सुमाराला गिरजा ओसरीतून उठून परसात गेली आणि तिथेच बसली, जुलाबांनी तिला उठता येईना.

कॉलऱ्यात माणूस मरतो तो अंगातलं पाणी गेल्यामुळे. इतकं पाणी जातं की रक्त घट्ट होतं, डोळे खोल जातात, मनगटावर नाडी लागत नाही. उपाय एकच. उकळून गार केलेलं मिठाचं पाणी, म्हणजे सलाईन, शिरेतून चढवायचं. माझ्याकडे सलाईन नव्हतं. मी चमच्यानं मीठ-पाणी पाजत राहिले आणि गिरजाचा नवरा कामाला परगावी होता, म्हणून अंजनाबाईचा नवरा तुळशीराम याला दमणी जुंपून अकोल्याला पाठवलं. घरात बापाचं प्रेत, आणि हा माणूस सुनेसाठी बैल हाकत गेला. पाठमोऱ्या तुळशीरामला मी सांगितलं, "डॉक्टर आज नागपूरला निघणार आहेत. स्टेशनवर गेले असतील तर स्टेशनवर गाठा."

तीन वाजता डॉक्टर टांग्यातून उतरले. अंगात लांब कोट, गळ्यात उपरणं. नागपूरला जायच्या कपड्यातच होते. कोट आणि उपरणं त्यांनी कुंपणावर टाकलं.

गिरजाची नाडी मनगटावर नव्हती. डॉक्टरांनी दोन्ही हात पाहिले. शिरा बसल्या होत्या. शेवटी घोट्याजवळ छेद घेऊन शीर काढली आणि सुई घातली. मी बाटली उंच धरून उभी राहिले. दमणी घेऊन परतलेला तुळशीराम आणि तीन शेजारी प्रेत घेऊन गेले. घरात आम्ही तिघं-चौघं उरलो.

दुसरी बाटली अर्धी झाली तेव्हा डॉक्टरांनी मनगट सोडलं, पुन्हा धरलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. नाडी आली होती. मी पोटाला कान लावला. मुलाचे ठोके हळू होते, पण होते.

मग डॉक्टरांनी अंजनाबाईला विचारलं, विहीर का सोडली. तिनं मला सांगितलं होतं तेच सगळं सांगितलं. भाकर, बाजार, गजरा. डॉक्टर जमिनीकडे बघत ऐकत होते. हातात कात्री नव्हती, नाहीतर मला दवाखान्यातच असल्यासारखं वाटलं असतं.

तिचं झाल्यावर ते म्हणाले, "अंजनाबाई, सकाळी दवा टाकायले म्या सांगतलं. नर्सबाई नाई म्हनत होत्या."

"काहून सांगतलं?"

"साहेबाले दाखवाचं होतं."

"दाखवलं?"

"दाखवलं."

अंजनाबाईनं सुनेच्या पायातली सुई, माझ्या हातातली बाटली आणि सासऱ्याची रिकामी खाट पाहिली. "मंग आता हे बी दाखवा न त्याले," ती म्हणाली.

डॉक्टर बाहेर आले. मी बाटली अंजनाबाईच्या हातात देऊन, कशी धरायची ते सांगून त्यांच्यामागे गेले. ते कुंपणाशी उभे होते, कोटाला हात न लावता.

"मी थांबतो, यमुनाबाई. सोमवारचं दुसरं कोणी बोलेल."

"काय बोलेल दुसरं कोणी?"

"मागणी मांडेल."

"मागणी कोणीही मांडेल. विहिरीचं कोण सांगेल?"

त्यांनी वळून ओसरीकडे पाहिलं.

"नाडी आली आहे," मी म्हटलं. "आता इथे सलाईन बदलायचं आणि लक्ष ठेवायचं. ते मला येतं. नागपूरला उभं राहून बोलणं मला येत नाही. गाडी सातची आहे. टांगा उभा आहे."

"माझ्यामुळे एक माणूस गेला आहे, बाई. आणि मी भाषण करायला जाऊ?"

"तुम्ही इथे बसलात तर तो परत येणार नाही. उरलेल्या सलाईनच्या बाटल्या ठेवून जा."

आज आठवलं की वाटतं, मी जरा मऊ बोलायला हवं होतं. पण मऊ बोलले असते तर ते थांबले असते. त्यांनी बाटल्या काढून दिल्या, डोस दोनदा सांगितला, टांग्यात चढले. उपरणं कुंपणावरच राहिलं. ते पुढे गिरजाच्या मुलाच्या झोळीला लागलं.

त्याच संध्याकाळी, सूर्य बुडाल्यावर, मी विहिरीवर गेले. दवा तोलून घेतली, बरोबर तितकीच. बादलीत विरघळवत होते तेवढ्यात मागे पावलं वाजली. अंजनाबाई. केस मोकळे, दिवसभराचं सुतक अंगावर. सुनेजवळ शेजारीण बसवून आली होती.

तिनं काही न विचारता दोर धरला. बादली खाली सोडली. आम्ही दोघींनी मिळून ढवळलं.

"अजून हलवा," ती म्हणाली. "खालचं पानी वर आलं नाई."

तिचं बरोबर होतं.

सकाळी मी उठून विहिरीकडे पाहिलं. काठ ओला होता. पहिली घागर कोणाची, ते विचारायची गरज नव्हती.

गिरजा वाचली. बाळंतपण तीन आठवड्यांनी झालं, दिवस पुरे व्हायच्या थोडं आधी. मूल इवलंसं, पण रडलं मात्र असं की ओसरीतली बकरी दचकली. माळीपुऱ्यात अजून तिघांना लागण झाली, तिघं बरे झाले. त्यानंतर साथ पुढे सरकली नाही.

नागपूरचं मला नंतर कळलं, तेही डॉक्टरांकडून नाही. त्यांच्यासोबत असलेल्या एका वकिलांनी सांगितलं. डॉक्टर बोलायला उभे राहिले, साहेबाचा अनुकूल रिपोर्ट त्यांच्या खिशात होता, तो त्यांनी काढलाच नाही. त्यांनी विहिरीची हकीकत सांगितली, स्वतःचं नाव घेऊन. काही मेंबर हसले. कोणी म्हणालं, डॉक्टर स्वतःच्याच मागणीला सुरुंग लावून राहिले. डॉक्टर म्हणाले म्हणे, की ज्या गावात नर्सला नाही म्हणायचा अधिकार नसतो, तिथे मेंबरची चूक थेट माणसाच्या पोटात जाते. म्हणून तिथे मेंबर नको, दवाखाना हवा.

दवाखाना मंजूर झाला. आसरखेडला नाही. पाच कोस दूर, दुसऱ्या एका वजनदार मेंबरच्या गावाला. कौन्सिलचं असं असतं. पण बोर्डाकडून एक छापील कागद सगळ्या गावांना आला. त्यात दोनच ओळी होत्या. विहिरीत दवा सूर्यास्तानंतरच टाकावी. नर्सनं लेखी नकार दिल्यास तो नकार कायम धरावा. मी तो कागद पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. पेटी गंजली, कागद अजून आहे.

पुढली दोन-तीन वर्षं डॉक्टर कौन्सिलमधून वेळ मिळाला की गावोगाव हिंडत. सायकलवर, सोबत लवाजमा नाही. हार कोणी घालायला आलंच तर मोगऱ्याचा हार हातात घेऊन परत द्यायचे, म्हणायचे, "बाजारात न्या." चैत्रात एकदा तरी तुळशीरामच्या घरी येत. ओसरीवर बसत, ताक पीत, गिरजाच्या पोराला तपासत. म्हाताऱ्याचा विषय कोणी काढत नसे. खाट अजून तिथेच होती, तिच्यावर डॉक्टर कधी बसले नाहीत.

मग पुन्हा निवडणूक आली. डॉक्टरांच्या विरोधात एक मोठे कापूसवाले शेठ उभे राहिले. त्यांनी आसरखेडच्या वेशीत दगडी कमान बांधून दिली. तेव्हा ठरावीक शेतसारा भरणाऱ्यालाच मत असे, तुळशीरामला ते होतं. मी त्याला सहज विचारलं.

"यंदा शेठले," तो म्हणाला. मनात काही न ठेवता.

"का हो? डॉक्टर?"

"डॉक्टर मानूस सोन्यासारखा. पन त्यानं केलं काय, सांगा? शेठनं पाह्यजा, कमान बांधून देली. लांबून दिसते."

"विहिरींचं काम?"

"हिरी तं पयलेपासूनच होत्या."

"हैजा?"

तुळशीरामनं माझ्याकडे नीट पाहिलं, मी थट्टा करते आहे का ते बघायला. "हैजा? हैजा कुठी हाये आता?"

डॉक्टर पडले. बऱ्याच फरकानं. निकालाच्या आठवड्यात मी पेटी भरायला जठारपेठेत गेले. मला वाटलं दवाखाना बंद असेल. उघडा होता. बाकावर सात-आठ पेशंट. डॉक्टर कात्रीनं पट्ट्या कापत होते.

मी तुळशीरामचं सांगितलं. सांगावं की नाही असा विचार मी केला नव्हता. आमच्यात तशी पद्धत नव्हती.

"काय म्हणाला?" त्यांनी कात्री थांबवली.

"हैजा कुठी हाये, म्हणाला."

डॉक्टर हसायला लागले. मी इतक्या वर्षांत त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. चष्मा काढून डोळे पुसले. मग एक पट्टी उचलून बाटलीवर चिकटवली, अंगठ्यानं दाबली आणि म्हणाले, "हे रजिस्टरात लिहून ठेवा, यमुनाबाई. तारीख घालून."

मी लिहिलं. रजिस्टर पुढे बोर्डात जमा झालं. कोणी वाचलं असेल असं वाटत नाही.

डॉक्टर जाऊन बरीच वर्षं झाली. जठारपेठेत त्या जागी आता कापडाचं दुकान आहे, कडुलिंब मात्र आहे. मी अमरावतीला नर्सिंगच्या मुलींना शिकवते आणि दर बॅचला विहिरीच्या प्रॅक्टिकलसाठी वलगावकडे नेते. दवा तोलायची कशी, ढवळायची कशी, खालचं पाणी वर आलं का ते कसं बघायचं. संध्याकाळीच का, ते पुस्तकात आहे तसं सांगते.

तरी दरवेळी एखादी मुलगी विचारतेच, "पण बाई, कोणी पाहिलंच नाही, तर आपण काम केलं हे कळायचं कसं?"

मी तिला दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर पाठवते. काठ ओला आहे की कोरडा, एवढंच बघून यायला सांगते.